मनिऑर्डरच्या पोचेवरचे गाव

(या सदरात पत्रलेखकांची व त्यांच्या कुटुंबीयांची नावे छापली जात नाहीत. या अंकातील तिन्ही प्रश्न जुन्या टपालासंबंधी आहेत. पहिल्याचे उत्तर अर्थातच लांबले आहे.)

प्रश्न : माझे आजोबा १९४० च्या सुमारास कोयनाकाठच्या एका लहानशा गावातून मुंबईला गिरणीत कामाला आले आणि लालबागमध्ये गावकीच्या गाळ्यात राहिले. पुढे कोयना धरणात गाव बुडाले, माणसे तीन-चार जिल्ह्यांत विखुरली. त्या गावात कोण कोण होते हे सांगणारे आज आमच्या घरात कोणी उरलेले नाही. चाळीच्या पुनर्विकासासाठी खोली रिकामी करताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तारेला ओवलेली पोस्टकार्डे आणि मनिऑर्डरच्या दोन-अडीचशे पोचा सापडल्या. त्यांवरील बरीच नावे आमच्या घरातील नाहीत. पोस्टाच्या जुन्या दप्तरांवरून गावातील सगळ्या कुटुंबांची यादी करता येईल का? त्यासाठी कोणत्या कचेरीत जावे?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : कचेरीचे पुढे पाहू. आधी एक विनंती अशी, की ती तार अजून मोकळी केली नसेल तर करू नका. आलेले पत्र वाचून झाले की तारेच्या आकड्यात मधोमध खुपसून ठेवायचे, त्यावर पुढचे, त्यावर त्याच्याही पुढचे, ही रीत चाळीतल्या खोल्यांत आणि पेढ्यांवर सर्रास होती. त्यामुळे सर्वांत जुने पत्र तळाशी आणि सर्वांत नवे वर असा क्रम आपोआप लागत जातो, आणि ज्या कार्डावरचा शिक्का पुसट झाला आहे त्याचा काळ त्याच्या वरच्या व खालच्या कार्डांवरून काढता येतो. गठ्ठा एकदा विस्कटला की हा पुरावा पुन्हा हाती लागत नाही. म्हणून वरून एकेक कार्ड काढताना कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घालावा आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे त्याच क्रमांकाने जपून ठेवावीत. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नये, कार्डे लॅमिनेट करू नयेत आणि कोणी कितीही गोड बोलून मागितली तरी तिकिटे कापून देऊ नयेत, कारण शिक्क्याचा निम्मा भाग तिकिटावर असतो.

आता कचेरीविषयी. टपाल खात्याच्या कागदांचे दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. पोस्ट ऑफिस कोठे उघडले, कधी बंद झाले, कोणत्या मोठ्या कचेरीला जोडले, त्याचे नाव कधी बदलले, हा कारभाराचा पत्रव्यवहार आणि वेळोवेळी छापलेल्या डाकघरांच्या याद्या पुष्कळ अंशी टिकल्या आहेत. खात्याच्या जुन्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. परंतु कोणी कोणाला किती रुपये पाठवले, कोणते रजिस्टर पत्र कोणाच्या हाती पडले, ही रोजची दप्तरे ठरावीक मुदत संपली की नष्ट करण्याचाच नियम होता. माणसांची नावे होती ती नेमकी या दुसऱ्या दप्तरात. तेव्हा आपण जी यादी शोधत आहात ती कोणत्याही कचेरीच्या फडताळात मिळणार नाही. तिचा जेवढा भाग वाचला आहे तो आपल्या आजोबांच्या ट्रंकेत आहे, आणि दोन-अडीचशे पोचा म्हणजे लहान गावाच्या मानाने थोड्याथोडक्या नव्हेत.

ती पोच नीट पाहू. मनिऑर्डरची सोय आपल्याकडे १८८० मध्ये सुरू झाली. तिच्या कागदी फॉर्मला तीन अंगे असत : मूळ हुकूम पोस्टाच्या हिशेबात जाई, मजकुराचे कुपन पैसे घेणाऱ्याच्या हाती राही, आणि पोच सही-अंगठ्यानिशी पाठवणाऱ्याकडे परत येई. म्हणजे आपल्या हातातला प्रत्येक चिटोरा मुंबईहून गावी जाऊन, तिथल्या माणसाच्या हाताचा स्पर्श होऊन परत आलेला आहे. त्यावर रक्कम आहे, पैसे वाटणाऱ्या पोस्टाचा तारखेचा शिक्का आहे, घेणाऱ्याची सही किंवा ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ आहे आणि अंगठा असेल तिथे शेजारी साक्षीदाराची सही आहे.

परक्या नावांचे कोडे बहुधा असे सुटेल. गावकीच्या गाळ्यात वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, आणि लिहिता-वाचता येणारा त्यांच्यात एखादाच असे. पगाराच्या दिवशी सगळ्यांचे फॉर्म तो भरी, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘मार्फत’ म्हणून स्वतःचे नाव घाली आणि पोचाही त्याच्याच हाती येत. ज्यांच्या गाळ्यात असा कोणी नसे ते मुंबईच्या मोठ्या पोस्टासमोर, कबुतरखान्याजवळ बसणाऱ्या पत्रलेखकांकडे जात. आपले आजोबा त्या गाळ्याचे लिहिणारे असावेत असे आपल्या पत्रावरून दिसते. प्रत्येक पोचेवरचे फॉर्म भरणाऱ्याचे अक्षर आजोबांच्या अक्षराशी ताडून पाहिले की याची खात्री होईल, आणि ‘मार्फत’च्या आधी ज्यांची नावे आहेत त्यांची एक यादी केली की गाळ्यातले गावकरी हाती लागतील.

माझ्या मते मात्र या पोचांचे खरे मोल पैसे घेणाऱ्यांच्या नावांत आहे. बुडालेल्या गावाचा सरकारी पुरावा म्हणजे जमिनीचा पुरावा. भूसंपादनाच्या निवाड्यात खातेदार येतो आणि खातेदार बहुतेक ठिकाणी पुरुष असतो. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती तो त्या कागदात नाही. नवरा गिरणीत असताना ज्या बाईने खाचरे लावली, गुरे राखली, सासू-सासऱ्यांचे केले, ती तर मुळीच नाही. मनिऑर्डर मात्र तिच्या नावाने जाई. गाव रिकामे होण्याआधीच्या वीस वर्षांत तिथे प्रत्यक्ष कोण राहत होते, चूल कोणाच्या हाती होती, याची सही-अंगठ्यानिशी केलेली नोंद म्हणजे ही पोच. म्हणून यादी करताना पुरुषाच्या नावाखाली कुटुंब लावण्याची सवय बाजूला ठेवून घेणाऱ्याच्या नावाने पान उघडावे असे मी आग्रहाने सुचवीन.

नावामागची उपाधीही वगळू नये. एकाच बाईच्या नावामागे अमुक वर्षापर्यंत ‘सौ.’ आणि पुढे ‘गं. भा.’ आले असेल, तर त्या दोन तारखांच्या दरम्यान तिचा नवरा गेला, आणि पैसे पाठवणारा त्यानंतर बहुतेक मुलगा किंवा दीर असणार. मृत्यूचा अंदाज बांधायला हीच खूण कामी येते. दुखवट्याचे पत्र घरात ठेवू नये म्हणून वाचून लगेच फाडून टाकण्याची चाल होती, त्यामुळे तारेवर लग्नाची, बारशाची, पाऊसपाण्याची कार्डे भेटतील, पण मृत्यूची भेटणार नाहीत. साक्षीदाराची सही जर पोचेमागून पोच एकच असेल, तर तो बहुधा गावचा शाळामास्तर किंवा दुकानदार असावा. खेड्यातले शाखा पोस्टही पुष्कळदा अशाच माणसाकडे असे. त्याचे आडनाव बाहेरगावचे निघाले तर नवल मानू नये आणि त्याला गावच्या कुटुंबांत मोजूही नये.

शिक्का वाचता येत नसेल तिथे पत्ता आणि तिकीट यांवरून काळ काढावा. मूळ सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा सांगली झाला, तेव्हा उत्तर साताऱ्याला पुन्हा नुसते ‘सातारा’ नाव मिळाले. म्हणजे पत्त्यात ‘उ. सातारा’ असेल तर ते कार्ड बहुधा या अकरा वर्षांतले. तिकिटावर आणे असतील तर ते बहुधा एप्रिल १९५७ पूर्वीचे, ‘नये पैसे’ असतील तर बहुधा १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचे. मुंबईच्या पत्त्यात नुसते ‘मुंबई १२’ असेल तर ते पिनकोड रुळण्याआधीचे आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला, त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची, आणि मुंबईचे जुने विभाग क्रमांक त्यांत शेवटी तसेच ठेवले गेले म्हणून ‘मुंबई १२’चे ४०००१२ झाले. जुन्या कार्डांत इंग्रजी तारखेऐवजी तिथी असेल तर त्या वर्षीचे पंचांग पाहावे लागेल. जुनी पंचांगे मुंबईतील मोठ्या मराठी ग्रंथालयांत विचारून पाहावीत.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. कोयनेच्या धरणाचे काम १९५४ च्या सुमारास सुरू झाले आणि साठचे दशक उजाडता उजाडता खोऱ्यात पाणी चढू लागले. पुनर्वसन एका जागी झाले नाही. कोणी सोलापूर, कोणी सांगली, कोणी रत्नागिरी, कोणी ठाणे, तर कोणी त्या वेळच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात गेले, आणि काही जण वरच्या डोंगरउतारावर सरकून तिथेच राहिले. आपल्या पोचा या काळाच्या अलीकडे आणि पलीकडे अशा दोन्ही बाजूंच्या असतील, तर एकाच बाईच्या नावासमोर आधी खोऱ्यातल्या पोस्टाचा आणि नंतर दूरच्या कुठल्यातरी पोस्टाचा शिक्का दिसेल. हा बदललेला शिक्का म्हणजे त्या घराचा नवा पत्ता, आणि त्यावरची तारीख म्हणजे ते घर तिथे पोहोचल्यानंतरचा पहिला लेखी पुरावा. तक्त्यात यासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतरची कार्डेही मुद्दाम वेगळी पाहावीत. खुशाली कळवताना माणसे एरवी न लिहिलेली नावे आणि ठिकाणे लिहितात.

एवढे झाल्यावर कचेऱ्यांकडे वळावे. सातारा जिल्ह्याच्या १९५१ आणि १९६१ च्या जनगणना पुस्तिकांत गाववार लोकसंख्या छापलेली आहे आणि त्या जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. आपल्या यादीत गावातली किती माणसे आली आणि किती राहिली याचा अंदाज त्या आकड्यावरून बांधता येईल. भूसंपादनाच्या अधिसूचना त्या काळच्या सरकारी राजपत्रात आहेत, आणि राजपत्राच्या जुन्या प्रतींसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात चौकशी करावी. खातेदारांचे निवाडे व प्रकल्पग्रस्तांचे संकलन रजिस्टर यांसाठी साताऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील पुनर्वसन शाखेकडे अर्ज करावा लागेल. टपाल खात्याकडे मात्र नेमका प्रश्न न्यावा. गावच्या शाखा पोस्टाचे नाव, ते मेढ्याकडे जोडलेले होते की पाटणकडे, आणि ते बंद करण्याचा हुकूम कोणत्या तारखेचा, एवढेच माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली विचारावे. ‘गावाची सर्व माहिती द्यावी’ अशा मोघम अर्जाला मोघमच उत्तर येते.

आपल्या गावचे मुंबईत ग्रामविकास मंडळ किंवा देवस्थानचे मंडळ असेल तर त्यांच्याकडील वर्गणीची जुनी वही मागून पाहावी. तीत पुरुषांची नावे आहेत, पोचांत बायकांची. दोन्ही समोरासमोर मांडल्या की घरे जुळू लागतात. विखुरलेली गावे ग्रामदैवताच्या यात्रेला अजूनही एकत्र येतात. त्या दिवशी नावे मोठ्याने वाचून दाखवा, छापील कागद वाटू नका. कागद खिशात जातो, पण नाव कानावर पडले की एखादी म्हातारी ‘ती माझी चुलती’ म्हणून पुढे येते. तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत, तिच्या परवानगीने, त्याच दिवशी लिहून ठेवावे.

प्रश्न : माझ्या पणजोबांचे पोस्टात बचत खाते होते असे आम्ही ऐकत आलो. त्या खात्याच्या नोंदीवरून त्यांच्या मूळ गावाचा शोध लागेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पोस्टाची बचत बँक १८८२ पासून आहे हे खरे, पण खात्याची नोंद ही खातेदाराची खासगी बाब असल्याने ती संशोधनासाठी मिळत नाही. पासबुक हाती असेल तर वारसांनी मृत्यूचा दाखला व वारसाचे पुरावे जोडून रीतसर दावा करावा. पासबुक नसेल तर नुसत्या नावावरून इतके जुने खाते सापडण्याची आशा फार थोडी. मूळ गावासाठी शाळा सोडल्याचा दाखला, गिरणीचा किंवा गोदीचा पास आणि घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आधी पाहाव्यात. लग्नपत्रिका टपालाने आलेली असेल तर तिचे पाकीटही जपून ठेवा.

प्रश्न : माझे बालपण माझगावात गेले. आमच्या वाडीच्या मागच्या गल्लीत काही चिनी कुटुंबे राहत. १९६२ नंतर ती एकेक करून दिसेनाशी झाली. आमच्या आईला त्यांच्यातल्या एका बाईने परदेशातून पाठवलेली दोन पत्रे माझ्याकडे आहेत. माझगावातल्या या वस्तीचा माग टपालावरून काढता येईल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : टपालावरून काही अंशीच. आपल्या प्रश्नातली वस्ती मुंबईत खरोखर विस्मृतीत गेली आहे, आणि माझगावात वाढलेल्या माणसाने ती आठवण धरून ठेवावी याचे मला मनापासून समाधान वाटते.

माझगावच्या नवाब टँक परिसरातील सी यिप कून हे चिनी मंदिर १९१९ चे आहे आणि आजही उभे आहे. ‘सी यिप’ म्हणजे चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील चार परगणे. तिथून आलेल्या माणसांनी उभारलेली ती जागा. खलाशी व गोदीत काम करणारी माणसे उतरावयास, भेटावयास, अडीअडचणीला एकमेकांना धरून राहावयास त्यांना जे हवे होते, तेच लालबागच्या गाळ्यात आपल्या सातारकर-कोकणकरांना हवे होते. गावकी ही काही एकट्या मराठी माणसाची गोष्ट नाही. १९६२ च्या युद्धानंतर देशभरातील, विशेषतः ईशान्य भारतातील, अनेक चिनी वंशाच्या कुटुंबांना राजस्थानातील देवली येथील छावणीत ठेवण्यात आले. जे बाहेर राहिले त्यांच्यावरही निर्बंध आले, आणि कितीतरी जणांनी देश सोडला.

टपालाच्या दृष्टीने पाहता परदेशी पत्राच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, पाठवल्याचा शिक्का आणि कधी मागच्या बाजूस मुंबईत पोहोचल्याचा शिक्का, असे तीन पुरावे असतात. आपल्या दोन पत्रांच्या तारखांत किती अंतर आहे आणि दोन्हींचा पत्ता एकच आहे का, हे पाहावे. पहिल्या पत्रात माझगावातल्या कोणाची चौकशी केली आहे ती नावे टिपून घ्यावीत, कारण ती बाई देश सोडून गेल्यावरही जे मागे राहिले होते त्यांची ती नावे आहेत. पत्र रोमन किंवा देवनागरी लिपीत असून सही मात्र चिनी अक्षरांत असेल, तर त्या सहीचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे. आपल्याकडच्या नोंदींत चिनी नावांची स्पेलिंगे कारकुनागणिक बदलतात. चिनी अक्षरांत लिहिलेले आडनाव बदलत नाही.

वस्तीचा विस्तार पाहायचा तर त्या काळच्या मुंबईच्या छापील डिरेक्टऱ्या उपयोगी पडतील. त्यांतील व्यवसायवार याद्यांत दंतवैद्य, चर्मकार आणि उपाहारगृहे या सदरांखाली चिनी नावे शोधावीत आणि पत्त्यातील रस्त्यांवरून त्यांची जागा नकाशावर मांडावी. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात अशा जुन्या डिरेक्टऱ्यांसाठी चौकशी करता येईल. त्याहून ठोस पुरावा अँटॉप हिल येथील चिनी दफनभूमीतील शिलालेखांत मिळेल. तिथे जाण्यापूर्वी मंदिराची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींची परवानगी घ्यावी आणि त्यांच्यापैकी कोणी सोबत येत असेल तर फार बरे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. छावणीच्या आणि पोलीस ठाण्यातल्या हजेरीच्या आठवणी ज्या घरांत अजून आहेत, त्यांना आपले नाव कोणत्याही यादीत आलेले नकोसे वाटू शकते. तेव्हा जिवंत माणसांची नावे, पत्ते वा पत्रांची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय कोठेही प्रसिद्ध करू नयेत. पत्र पाठवणाऱ्या बाईच्या मुलानातवंडांचा माग लागला, तर आधी पत्रांच्या प्रती त्यांना पाठवाव्यात. मूळ पत्रे आपल्या आईच्या नावाने आलेली आहेत, ती आपल्याकडे पाकिटांसकट राहू द्यावीत.